जॉइन, ग्रुप, ब्लॉक की युनियन? ऑटोकॅडमध्ये वस्तू जोडायच्या कशा

प्रश्न: मी मेकॅनिकल डिप्लोमा करून नाशिकच्या अंबडमधल्या एका इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या युनिटमध्ये ड्राफ्टिंगला लागलो आहे. पॅनलच्या दाराचं ड्रॉइंग लेझर कटिंगला पाठवलं, तर ‘कॉन्टूर ओपन आहेत, काही लाइनी डबल आहेत’ म्हणून फाइल परत आली. मी सगळं सिलेक्ट करून ब्लॉक केला होता, त्यामुळे ते एकच झालं असं वाटलं. ऑफिसात एक जण म्हणतो जॉइन कर, दुसरा म्हणतो ग्रुप कर, तिसरा म्हणतो रीजन करून युनियन मार. ताई, यांत नेमका फरक काय आणि मी काय करू?

उत्तर: तुमचे तिन्ही सहकारी आपापल्या जागी बरोबर आहेत, पण तिघांच्या डोळ्यांपुढे तीन वेगळी कामं आहेत. तुमच्या दारासाठी हवी आहे बंद पॉलीलाइन, म्हणजे सगळ्या तुकड्यांची मिळून झालेली, टोकं मिटलेली एकच रेघ. ब्लॉकने ती मिळत नाही, ग्रुपने तर नाहीच.

लेझरवाल्याला बंद कॉन्टूर (आकाराची कड) का लागतो ते आधी समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. लेझरची रेघ बिनजाडीची नसते, ती मिलिमीटरच्या काही दशांशांइतका पत्रा खाऊन टाकते. म्हणून मशीनचं सॉफ्टवेअर कटिंगचा मार्ग तुमच्या लाइनीपासून किंचित सरकवतं. भोक असेल तर आतल्या बाजूला, बाहेरची कड असेल तर बाहेरच्या बाजूला. पियर्सिंग, म्हणजे कट सुरू करायचं पहिलं छिद्रही, भंगारात जाणाऱ्या बाजूलाच करायचं असतं, नाहीतर जॉबच्या कडेवर डाग राहतो. आता आत कुठलं आणि बाहेर कुठलं, हे ठरायला आकार बंद असावा लागतो. चार सुट्या लाइनी एकमेकींना टेकलेल्या दिसल्या तरी त्या सॉफ्टवेअरच्या लेखी चार वेगळ्या रेघाच आहेत. तुमचा ब्लॉक फोडला की आत त्याच सुट्या लाइनी निघणार, कारण ब्लॉक करताना भूमितीला कुणी हातच लावलेला नसतो.

म्हणून माझं सांगणं असं की कमांड निवडण्याआधी ड्रॉइंग पुढे कुणाकडे जाणार आणि तो त्याचं काय करणार, एवढं स्वतःला विचारा. तो कापणार आहे, मोजणार आहे, शंभर वेळा तेच वापरणार आहे, की फक्त एकत्र उचलून बाजूला ठेवणार आहे? जोडण्याची रीत तिथून ठरते.

कापण्यासाठी जोडायचं तर दोन कमांड आहेत, जॉइन आणि पीएडिट. जॉइन ऑटोकॅड २००६ मध्ये आली, पीएडिट त्याच्या खूप आधीपासूनची. नव्या मुलांना जॉइन सोपी वाटते: ‘जे’ टाइप करा, सगळं सिलेक्ट करा, एंटर. टोकाला टोक लागलेल्या आणि एकाच प्रतलातल्या लाइनी-आर्क असतील तर त्यांची पॉलीलाइन होते. पण जॉइनच्या दोन सवयी माहीत नसल्या तर घोळ होतो. एक, अगदी एका रेषेत असलेल्या दोन लाइनींमध्ये फट असली तरी जॉइन त्या जोडून एकच लाइन करते, म्हणजे मधली फट भरून टाकते. दाराच्या कडेला बिजागरासाठी खाच ठेवली असेल आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या लाइनी तुम्ही जॉइन केल्यात, तर खाचेचं तोंड बंद. दुसरी सवय आर्कची. एकाच केंद्राच्या, एकाच त्रिज्येच्या आर्कही फट असून जोडल्या जातात, आणि त्या पहिल्या निवडलेल्या आर्कपासून घड्याळाच्या उलट दिशेने जोडल्या जातात. आधी कुठली निवडली यावर कुठली फट भरणार ते ठरतं. नको ती भरली तर अनडू करून दुसऱ्या आर्कपासून सुरुवात करायची. आणखी एक: निवडीत स्प्लाइन असेल तर सगळ्याची मिळून स्प्लाइन होऊन बसते, आणि स्प्लाइन लेझरला पाठवणं शक्यतो टाळावं.

कटिंगच्या फाइलसाठी मी पीएडिटच वापरते. ‘पीई’, मग मल्टिपलसाठी ‘एम’, मग सगळं सिलेक्ट. लाइनी-आर्कची पॉलीलाइन करू का असं विचारतं, हो म्हणायचं. हा प्रश्न दर वेळी नको असेल तर पीएडिटअ‍ॅक्सेप्ट हे व्हेरिएबल १ करून ठेवा. मग ‘जे’ दिलं की फझ डिस्टन्स विचारतं. हा फझ फक्त मल्टिपल वाटेने गेल्यावरच मिळतो, आणि पीएडिटची खरी ताकद त्यात आहे. किती अंतरापर्यंतची फट मिटवायची, ते तुम्ही त्यात सांगता. ती कशी मिटवायची हेही जॉइनटाइपमध्ये ठरवता येतं: एक्स्टेंड ठेवलं तर लाइनी लांबवून किंवा कापून टोकं जुळवतं, अ‍ॅड ठेवलं तर मध्ये सरळ तुकडा टाकतं, बोथ ठेवलं तर जमेल तिथे पहिलं आणि नसेल तिथे दुसरं. कोपरे धारदार राहावेत म्हणून पत्र्याच्या कामात मी एक्स्टेंड ठेवते.

फझ किती द्यायचा यावर माझं मत ठाम आहे. आधी ०.०१ देऊन बघा. नाही जुळलं तर ०.१. त्याच्या पुढे जाऊ नका. ‘५ दे, सगळं जुळतं’ असं सांगणारे भेटतात. जुळतंही, पण ३ मिलिमीटर रुंदीच्या स्लॉटची समोरासमोरची टोकं ५ च्या फझमध्ये एकमेकांना चिकटू शकतात, आणि ते स्क्रीनवर कळत नाही, पत्रा कापल्यावर कळतं. ०.१ पेक्षा मोठी फट म्हणजे ड्रॉइंगमधली चूक आहे, ती हातानेच दुरुस्त व्हायला हवी. त्यासाठी फिलेट घ्या आणि शिफ्ट दाबून दोन लाइनी निवडा. त्रिज्या काहीही ठेवलेली असली तरी शून्य त्रिज्येचा कोपरा होतो.

सगळं करूनही लाइनी जुळत नाहीत, ही तक्रार सर्वात जास्त येते. याची कारणं ठरलेली असतात. पहिलं म्हणजे फट असते, पण दिसत नाही. युनिट्समध्ये दशांश शून्य किंवा एक ठेवलेला असेल तर ०.०२ ची फट मोजली तरी ० दाखवते. युनिट्समध्ये प्रिसिजन पूर्ण ८ दशांशांवर न्या आणि मग अंतर मोजणारी डिस्ट मारा, खरं अंतर समोर येईल. या फटी बहुतेक वेळा ओस्नॅप (टोकं अचूक पकडणारी सोय) बंद ठेवून काढलेल्या लाइनींमुळे किंवा पीडीएफवरून आणलेल्या ड्रॉइंगमुळे येतात. पीडीएफ-इम्पोर्ट ऑटोकॅड २०१७ पासून आहे आणि उपयोगी आहे, पण त्यातून आलेली भूमिती जशीच्या तशी कापायला पाठवू नये. गोल भोकाच्या जागी बारीक तुकड्यांची माळ आलेली असू शकते. मापं वाचून नव्याने काढलेलं दार कमी वेळात होतं.

दुसरं कारण झेड, म्हणजे उंची. वरून बघताना दोन टोकं एकावर एक दिसतात, पण एकाचं झेड शून्य आणि दुसऱ्याचं ०.५ असतं. अशा लाइनी एका प्रतलात नसतात, म्हणून जुळत नाहीत. सगळं सिलेक्ट करून कंट्रोल + १ ने प्रॉपर्टीज उघडा. स्टार्ट झेड किंवा एंड झेडसमोर ‘व्हेरीज’ दिसलं तर तिथे ० भरा. पॉलीलाइन, आर्क, सर्कल यांचं एलिव्हेशन किंवा सेंटर झेडही बघा. दुसऱ्याच्या फाइलमधून कॉपी केलेल्या भागांत, विशेषतः सर्व्हेच्या प्लॅनमधून किंवा थ्रीडी मॉडेलमधून उचललेल्या भागांत, हा दोष हमखास असतो. एक्सप्रेस टूल्समधली फ्लॅटन ही कमांडही हे करते, पण ती आर्कचे कधी कधी तुकडे करते, म्हणून माझी पसंती प्रॉपर्टीजला.

तिसरं कारण म्हणजे तुमच्या फाइलवर शेरा आला ते: डबल लाइनी. एका लाइनीखाली दुसरी लपलेली असली की एका बिंदूवर दोनऐवजी तीन टोकं येतात. पुढे कुठल्या वाटेने जायचं हे पीएडिटला कळत नाही आणि ती भलत्याच तुकड्याला धरून पुढे जाते. त्यात लेझरचं नुकसान वेगळं, कारण डबल लाइन म्हणजे त्याच जागी दोनदा कट. म्हणून क्रम असा ठेवा: आधी ओव्हरकिल (डबल वस्तू पुसणारी कमांड), मग पीएडिट. ओव्हरकिलमध्ये एक खोच आहे. दोन लाइनी वेगवेगळ्या लेअरवर असतील तर ती त्यांना डुप्लिकेट मानत नाही, जोवर तुम्ही लेअरकडे दुर्लक्ष कर असं त्या डायलॉगमध्ये टिक करत नाही. तुमच्या दारात कट आणि बेंड (पत्रा वाकवायच्या रेघा) अशा दोन लेअर असतील तर सरसकट टिक करू नका. आधी बघा काय कुठे आहे.

याच कारणाने बेंड लाइन आणि बाहेरची कड कधीच एका वेळी सिलेक्ट करू नये. बेंड लाइन कडेला येऊन टेकते, तिथे पुन्हा तीन टोकांचा तिठा होतो. शिवाय जोडलेली पॉलीलाइन एकाच लेअरवर जाते, म्हणजे कापायचं नाही ते कटच्या लेअरवर जायची भीती. लेआयसो कमांडने फक्त कटची लेअर चालू ठेवा, मग जोडा.

जोडून झाल्यावर तपासायचं कसं? पॉलीलाइन निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर येस आहे का बघा. पहिल्या बिंदूवर शेवटचं क्लिक केलेली पॉलीलाइन डोळ्यांना बंद दिसते, पण ‘सी’ देऊन बंद केलेली नसेल तर तिथे नो असतं. अशा वेळी नोचं येस केलं तर एकाच जागी दोन व्हर्टेक्स (टोकबिंदू) राहतात आणि शून्य लांबीचा एक तुकडा तयार होतो. काही नेस्टिंग (पत्र्यावर भाग बसवणाऱ्या) सॉफ्टवेअरना तोही खटकतो. तो जादा व्हर्टेक्स काढून टाका. पॉलीलाइन काढतानाच शेवटी ‘सी’ देण्याची सवय लावलीत तर ही वेळच येणार नाही.

आता तिसऱ्या सहकाऱ्याची युनियन. पॅनलच्या कामात तिचा फार छान उपयोग आहे. पुश बटणाचं भोक २२.५ मिलिमीटरचं असतं, आणि बटण जागच्या जागी फिरू नये म्हणून काही बनावटींत त्याला वर एक छोटी खाच लागते. म्हणजे वर्तुळ अधिक आयत. ट्रिम मारत बसण्यापेक्षा वर्तुळ आणि आयत एकमेकांवर चढवून काढा, ‘आरईजी’ने दोघांचे रीजन (बंद रेघेने वेढलेलं सपाट क्षेत्र) करा, ‘यूएनआय’ने युनियन करा. आतल्या नको त्या रेघा जातात आणि बाहेरचा एकच आकार उरतो. मात्र तो रीजन आहे, पॉलीलाइन नाही. लेझरला देण्याआधी एकदा एक्सप्लोड करा, त्याच्या लाइनी आणि आर्क होतील, मग पीएडिटने जोडा. रीजनमधून सुटलेली टोकं तंतोतंत जुळतात, फझ शून्य ठेवला तरी चालतो. वजाबाकीसाठी सबट्रॅक्ट आहे. तिच्यात आधी ज्यातून वजा करायचं ते निवडून एंटर, मग जे वजा करायचं ते. इंटरसेक्टने दोघांत सामाईक असलेला भाग तेवढा राहतो.

रीजन होण्यासाठी आकार बंद हवा, एका प्रतलात हवा आणि स्वतःलाच छेदणारा नको. म्हणून रीजन ही चांगली परीक्षासुद्धा आहे. सगळं सिलेक्ट करून रीजन मारलं आणि कमांड लाइनवर आलेला आकडा अपेक्षेपेक्षा कमी असला, तर कुठेतरी उघडं आहे. बघून झाल्यावर अनडू करा. एक लक्षात असू द्या: एकमेकांना न टेकणाऱ्या दोन रीजनचीही युनियन होते. दिसायला दोन तुकडे, पण ऑटोकॅडच्या हिशोबी वस्तू एक.

पण रीजनचा खरा मोठेपणा मोजण्यात आहे, आणि मला वाईट वाटतं की डिप्लोमाच्या मुलांना तो कुणी दाखवत नाही. समजा सातपूरच्या एका फॅब्रिकेशनच्या कामात पट्ट्या वेल्ड करून आय-सेक्शन करायचं आहे: वरची-खालची फ्लँज १५० बाय १०, मधला वेब १८० बाय ८, एकूण उंची २००. तीन आयत काढा, तिन्हींचे रीजन, युनियन, मग मासप्रॉप, ही क्षेत्रफळ वगैरे गुणधर्म सांगणारी कमांड. क्षेत्रफळ ४४४० चौरस मिलिमीटर येतं, म्हणजे पोलादाची घनता ७८५० धरून मीटरला साधारण ३४.८५ किलो. त्याच यादीत सेंट्रॉइड (क्षेत्राचा मध्य) येतो. यूसीएसचा (अक्षांच्या मांडणीचा) ओरिजिन त्या सेंट्रॉइडवर नेऊन पुन्हा मासप्रॉप मारलं की आडव्या अक्षाभोवतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया मिळतो: ३,०९,८८,००० मिलिमीटरचा चौथा घात. हातानेही करून बघा: १५० गुणिले २०० चा घन, वजा १४२ गुणिले १८० चा घन, भागिले १२. तोच आकडा येईल. ओरिजिन न हलवता पहिल्याच यादीतला आकडा उचलला तर तो ड्रॉइंगच्या शून्यबिंदूभोवतीचा असतो, डिझाइनला निरुपयोगी. सेक्शन ओबडधोबड असेल, चॅनलला पट्टी आणि पट्टीला अँगल असं काही असेल, तर हाताने तासभर लागणारं काम इथे काही मिनिटांत होतं.

बांधकामाच्या प्लॅनमध्येही मोजणं हेच मुख्य काम असतं. ६ बाय ४ मीटरचा एक भाग आणि ५ बाय ३ मीटरचा दुसरा, दोघे २ बाय १.५ मीटरवर एकमेकांवर चढलेले असतील तर नुसती बेरीज ३९ चौरस मीटर येते. खरं क्षेत्रफळ ३६ आहे. युनियन हा ३ चौरस मीटरचा फरक आपोआप काढते. युडीसीपीआर २०२० (महाराष्ट्राची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) पासून एफएसआय पी-लाइनच्या (बांधकामाच्या बाहेरच्या कडेच्या) हिशोबाने मोजला जातो आणि ऑनलाइन परवानगीची ड्रॉइंग तपासणारी सॉफ्टवेअर ठरलेल्या लेअरवर बंद पॉलीलाइन मागतात. गंगापूर रोड, कॉलेज रोडवरच्या आर्किटेक्टांच्या ऑफिसांत काम करणाऱ्या मुलामुलींनी म्हणून युनियन करून थांबू नये, रीजन फोडून त्याची बंद पॉलीलाइन करावी. तिथेही उघडी पॉलीलाइन म्हणजे न मोजलेलं क्षेत्रफळ.

बाउंड्री ही कमांड अशा ठिकाणी सगळ्यात झटपट: ‘बीओ’, आत क्लिक, आणि भोवतालच्या लाइनींवरून बंद पॉलीलाइन तयार. खोल्यांचं क्षेत्रफळ काढायला उत्तम. कटिंगच्या फाइलमध्ये मात्र सांभाळून, कारण ती मूळ लाइनी पुसत नाही. नव्या पॉलीलाइनखाली जुन्या लाइनी तशाच राहतात आणि ‘लाइनी डबल आहेत’ हा शेरा नव्याने येतो. तुमच्या फाइलमध्ये कुणी बाउंड्री वापरली होती का, हे जरूर बघा.

ग्रुपबद्दल थोडक्यात. ग्रुप म्हणजे मेथीची जुडी. दोरा सोडला की काड्या होत्या तशाच. तो फक्त निवड एकत्र ठेवतो. एकाला क्लिक केलं की सगळे निवडले जातात, बस. कंट्रोल + शिफ्ट + ए ने ग्रुपची निवड चालू-बंद करता येते, त्यामुळे आतली एखादी लाइन हलवायची तर ग्रुप फोडावा लागत नाही. एक वस्तू एकापेक्षा जास्त ग्रुपमध्येही असू शकते. लेआउट ठरवताना एखाद्या दारावरची मीटर-बटणांची मांडणी एकत्र सरकवून बघायची असेल तर ग्रुप सोयीचा. ग्रुपची कॉपी केली की तिचा मूळ ग्रुपशी संबंध उरत नाही, एक बदलला म्हणून दुसरा बदलत नाही. ते हवं असेल तर ब्लॉकच लागतो.

तुम्ही ब्लॉक केलात तो चुकीच्या जागी, पण पॅनलच्या धंद्यात ब्लॉकसारखं साधन नाही. ब्लॉकची व्याख्या फाइलमध्ये एकदाच साठते, आणि ड्रॉइंगमध्ये ठेवलेली प्रत्येक नक्कल त्या व्याख्येकडे बोट दाखवते. ९६ बाय ९६ च्या मीटरला ९२ बाय ९२ चा कटआउट लागतो. तो एकदा ब्लॉक करून ठेवा, बेस पॉइंट मधोमध घ्या, आणि सगळ्या दारांवर तोच वापरा. गिऱ्हाइकाने शेवटच्या क्षणी २२.५ च्या बटणांऐवजी ३०.५ ची बटणं मागितली तर ब्लॉक एडिटरमध्ये एकच वर्तुळ बदलायचं, सगळी दारं बदलतात. कॉपी-पेस्ट केलेली सुटी वर्तुळं असती तर एखादं तरी राहून गेलंच असतं.

ब्लॉक करताना लेअर शून्यची शिस्त पाळा. लेअर ० वर काढलेली वस्तू ब्लॉक ज्या लेअरवर ठेवाल तिथली होऊन जाते; दुसऱ्या कुठल्या लेअरवर काढलेली वस्तू तिथेच राहते. कटआउटच्या ब्लॉकमध्ये कापायचा आकार कट लेअरवर आणि मीटरची दर्शनी चौकट दुसऱ्या लेअरवर अशी मुद्दाम ठेवली, तर कटिंगला पाठवताना ती चौकट बंद करता येते. मी असंच करायला सांगते. इन्सर्ट करताना एक्स आणि वाय स्केल वेगवेगळे देऊ नका, कारण असा ब्लॉक फोडला की वर्तुळाचं एलिप्स होतं. व्याख्येतच ‘स्केल युनिफॉर्मली’ टिक करून ठेवलं की हा धोका जातो. युनिट्सही बघा: ब्लॉक इंचाचा आणि ड्रॉइंग मिलिमीटरचं असेल तर तो २५.४ पट होऊन येतो.

ब्लॉकला अ‍ॅट्रिब्यूट जोडता येतात: बटणाचा टॅग नंबर, रंग, मेक. डेटा एक्स्ट्रॅक्शनने त्यांची यादी एक्सेलमध्ये काढली की खरेदीची यादी तयार. मात्र साधं एक्सप्लोड केलंत तर भरलेली माहिती जाते आणि तिच्या जागी नुसती टॅगची नावं उरतात. त्यासाठी एक्सप्रेस टूल्समधली बर्स्ट वापरा, ती माहितीचा मजकूर करून ठेवते. कंट्रोल + शिफ्ट + व्ही ने पेस्ट करून झालेले, ए आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी नावं असलेले ब्लॉक मात्र टाळा. ते कशाचे आहेत हे नंतर कुणालाच कळत नाही, पर्ज करताना (न वापरलेलं पुसून टाकताना) हातही थबकतो.

दुसऱ्याच्या चालू फाइलशी आपलं ड्रॉइंग जोडायचं असेल तर एक्सरेफ, म्हणजे त्या फाइलचा बाहेरून जोडलेला संदर्भ. स्ट्रक्चरलवाल्याने कॉलम सरकवला की तुमच्या प्लॅनमध्ये रीलोड केल्यावर तो सरकलेला दिसतो. फाइल पुढे पाठवताना ई-ट्रान्समिट करा (जोडलेल्या फाइली सोबत जातात) किंवा बाइंड करा (त्या आतच मिसळतात), नाहीतर समोरच्याला तो भाग दिसतच नाही. पॅनलच्या दारासाठी तुम्हाला याची गरज नाही.

थ्रीडीमध्ये युनियन हाच शब्द भेटतो, पण तिथे घाई महागात पडते. सॉलिड एकमेकांत मिसळले की मूळ तुकडे परत मिळत नाहीत. एक्सप्लोड केलं तर सॉलिड नाही, त्याच्या बाजूंचे रीजन आणि सरफेस हाती येतात. पॅनलची चौकट अँगलचे तुकडे वेल्ड करून होते. शॉपला प्रत्येक तुकड्याची लांबी आणि संख्या हवी असते. मॉडेलमध्ये सगळ्यांची युनियन केलीत तर तुकडेच उरत नाहीत, यादी काढायची कशाची? सॉलिडवर्क्समध्येही मर्ज रिझल्टवर टिक राहिली की वेगवेगळ्या बॉडी एक होतात आणि कटलिस्टमध्ये एकच ओळ दिसते. वेल्डिंगने जोडले जाणारे भाग मॉडेलमध्ये सुटेच ठेवा. एकाच पत्र्यातून किंवा एकाच ठोकळ्यातून निघणारा भाग तेवढा एक करा. भाग एकमेकांत घुसले आहेत का, हे युनियन न करता इंटरफिअरने तपासता येतं. फ्रीकॅड वापरणाऱ्यांना हा फरक नावांतच मिळतो: कंपाउंडमध्ये भाग सुटे राहून एकत्र येतात, फ्यूजनमध्ये त्यांचा एक आकार होतो, आणि मूळ भाग झाडात टिकून असल्यामुळे मागेही जाता येतं.

आता तुमची फाइल. मूळ डीडब्ल्यूजीला (ऑटोकॅडच्या फाइलला) हात लावू नका, ती मास्टर. तिच्यात कटआउट ब्लॉकमध्येच राहू द्या, मांडणी ग्रुपमध्ये राहू द्या, मापं राहू द्या. गिऱ्हाइकाचे बदल तिच्यातच होणार आहेत. सेव्ह अ‍ॅजने कटिंगसाठी वेगळी प्रत काढा. त्या प्रतीत मापं, टायटल ब्लॉक, दर्शनी चौकटी काढून टाका. सगळे ब्लॉक फोडा, ब्लॉकात ब्लॉक असेल तर पुन्हा फोडा. प्रॉपर्टीजमध्ये झेड शून्य करा. ओव्हरकिल. कट लेअर आयसोलेट करून पीएडिट, मल्टिपल, जॉइन, फझ ०.०१. गोल भोकं सर्कल म्हणूनच राहू द्या, सर्कल मुळातच बंद आहे. एलिप्स किंवा स्प्लाइन असेल तर लेझरवाल्याला विचारा. त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असेल आणि आर१२ डीएक्सएफ (ड्रॉइंग देवाणघेवाणीचा जुना फाइल-प्रकार) मागत असेल, तर त्या फॉरमॅटमध्ये स्प्लाइन आणि एलिप्स नसतातच, सेव्ह करताना त्यांचे बारीक तुकडे होतात. त्यापेक्षा तुम्हीच आधी स्प्लाइनएडिटने स्प्लाइनची पॉलीलाइन करा. प्लाइनकन्व्हर्टमोड १ ठेवला तर सरळ तुकड्यांऐवजी आर्क मिळतात आणि कड गुळगुळीत कापली जाते.

सेव्ह केलेली डीएक्सएफ नव्या ऑटोकॅड खिडकीत उघडा आणि कंट्रोल + ए करून प्रॉपर्टीजमधली वरची यादी बघा. बेंड लाइनी सोडल्या तर तिथे पॉलीलाइन आणि सर्कल एवढंच दिसायला हवं, आणि त्यांची संख्या दारावरच्या भोकांची संख्या अधिक बाहेरची एक कड इतकी. एखादी सुटी लाइन किंवा आर्क यादीत दिसली तर क्विक सिलेक्टने ती शोधून दुरुस्त करा आणि मगच मेल करा. सोबत पत्र्याची जाडी, मटेरियल, नग आणि बेंडची दिशा लिहायला विसरू नका. ते डीएक्सएफमधून कुणाला कळत नाही.